गुळवेलीचं सत्त्व तपकिरी आणि आंबट का झालं? ओळख, काढणी आणि काढ्याबद्दलही हवं

पाणवठा
शेताच्या बांधावरच्या कडुनिंबावर जुनी गुळवेल चढलेली आहे. बुंध्याशी अंगठ्यापेक्षा जाड. श्रावणात दोन किलो कांडं तोडली, धुतली, सालीसकट मिक्सरला फिरवली आणि लोखंडी घमेल्यात चार लिटर पाण्यात दीड दिवस ठेवली. मग पंचातून गाळून तळाशी बसलेला साका उन्हात वाळवला. हाती आले दोन चमचे करड्या-तपकिरी भुकटीचे. वास आंबूस, चव कडू नाही, नुसती मातकट. दुकानातलं सत्त्व पांढरंशुभ्र असतं.

चूक नेमकी कुठे झाली? शिवाय ही गुळवेलच आहे याची खात्री पानावरून होते का? पान बदामाच्या आकाराचं आहे. आणि घरात साठीच्या वरच्या बाईंना साखरेच्या (मधुमेहाच्या) गोळ्या चालू आहेत, त्यांनी रोज काढा घेतला तर चालेल का?

रानवाट
आधी ओळख. नुसत्या पानावर जाऊ नका. बदामी पानाच्या वेली रानात ढिगाने आहेत. कारंद्याचं पानही तसंच, पण त्यावर देठापासून टोकाकडे कमानीसारख्या वळलेल्या ठळक शिरा असतात, पानांच्या बेचक्यात बटाट्यासारखे कंद लागतात आणि वेल दरवर्षी वाळून जाते. वासनवेलीची पानं लहान आणि लवदार. ती पाण्यात चुरगळली की थोड्या वेळात पाणी हिरव्या जेलीसारखं थिजतं, ते गुळवेलीत होत नाही. पहाडवेलीच्या बऱ्याच पानांत देठ कडेला न जोडता थोडा आत, पानाच्या पोटाला जोडलेला असतो.

गुळवेल ओळखायची ती खोडावरून. जुन्या कांड्यावर कागदासारखी पातळ, फिकट करडी-तपकिरी साल असते. नखाने खरवडली की पापुद्रा निघतो आणि खाली लगेच हिरवं दिसतं. सालीवर पांढरट ठिपके असतात. वरच्या फांद्यांवरून दोऱ्यासारखी बारीक मुळं खाली लोंबतात, कधी कधी पार जमिनीपर्यंत. आणि सगळ्यांत भरवशाची खूण: जाड कांडं आडवं कापा. आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतील, मध्यापासून कडेपर्यंत. कापलेल्या जागी बोट लावलं तर बुळबुळीत लागतं आणि जिभेला कडू.

गुळवेलीचीच सख्खी बहीण आपल्याकडच्या जंगलात सापडते, तिची पानं मोठी आणि खालून मऊ लवदार असतात. खऱ्या गुळवेलीचं पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. तिसरी एक आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. ती ईशान्य भारत आणि आग्नेय आशियातली. तिच्या खोडावर सगळीकडे टोकदार गाठी उठलेल्या असतात, डोळे मिटून हात फिरवला तरी कळतात. आपल्या गुळवेलीचे ठिपके बोटाला किंचित खरखरीत लागतात, पण गाठ म्हणावी असं काही नसतं. बांधावरच्या वेलीला अशा गाठी असतील तर ती औषधाला घेऊ नका.

कोणत्या झाडावर चढली आहे तेही बघायची रीत आहे. कडुनिंबावरची उत्तम मानतात, ती तुमच्याकडे आहेच. कोकणात काजऱ्यावर, म्हणजे कुचल्यावर चढलेली वेल जाणती माणसं तोडत नाहीत. त्यामागचं कारण काहीही असो, एक साधा धोका उघड आहे: दाट जाळीत तोडताना काजऱ्याची डहाळी मोळीत येऊ शकते, आणि काजरा जहाल विष आहे.

उखळमुसळ
ओळख पटली असेल तर सत्त्वाकडे वळू. तुमच्या वर्णनात चार-पाच ठिकाणी गडबड आहे आणि प्रत्येकीची खूण तुमच्या भुकटीत उतरली आहे.

पहिली गोष्ट ऋतू. सत्त्व म्हणजे वेलीने कांड्यात साठवलेलं पिष्ट (स्टार्च). श्रावणात वेल नव्या पानांवर आणि शेंड्यांवर असते, साठा खर्ची पडलेला असतो. पानं गळून वेल उघडी पडली की, म्हणजे साधारण माघापासून वैशाखापर्यंत, कांडं भरलेलं असतं. त्यात तर्जनी ते अंगठ्याएवढ्या जाडीचं निवडा. पेन्सिलीएवढ्या कोवळ्यात पिष्ट नसतं, आणि मनगटाएवढ्या जुन्यात लाकूडच जास्त.

दुसरी, साल. तपकिरी रंगाचं मूळ तिथे आहे. वरचा कागदी पापुद्रा बोथट सुरीने खरवडून काढायचा. खालचा हिरवा थर राहू द्या, नाहीतर अर्धं कांडं सोलण्यात जातं.

तिसरी, मिक्सर. पातं कांड्याचे तंतू इतके बारीक करतं की ते कापडातून पाण्याबरोबर खाली उतरतात आणि साक्यात बसतात. मातकट लागलं ते हेच. कांड्याचे दोन-दोन इंचांचे तुकडे करा, उखळात किंवा पाट्यावर वरवंट्याने ठेचा. तंतू लांबच्या लांब मोकळे व्हायला हवेत, पीठ व्हायला नको. ठेचलेलं हातात धरून ताणलं तर सुंभासारखं दिसलं पाहिजे.

चौथी, घमेलं. लोखंडाशी गाठ पडली की वेलीतली तुरट द्रव्यं काळी पडतात, ती करडी छटा तिथून आली. स्टील, मातीचं किंवा न टवके उडालेलं एनॅमलचं भांडं घ्या. ॲल्युमिनियमही नको.

पाचवी आणि मुख्य, वेळ. दीड दिवसात पाणी आंबलं. आंबलेल्या पाण्यात बुडबुडे उठत राहतात, साका खाली बसत नाही, आणि जो बसतो त्याला तो आंबूस वास राहतो. तो कितीही धुतला तरी जात नाही. आठ ते बारा तास पुरे. संध्याकाळी भिजत घालायचं आणि पहाटे, उकाडा सुरू व्हायच्या आत, कुस्करायला बसायचं. वैशाखात तर आठ तासांच्या पुढे जाऊच नका.

प्रमाण असं: दोन किलो सोललेल्या ओल्या कांड्याला आठ लिटर पाणी. सकाळी त्याच पाण्यात दोन्ही हातांनी वीस-पंचवीस मिनिटं जोर लावून कुस्करा. पाणी बुळबुळीत होतं, वर फेस येतो, रंग दुधट हिरवट होतो. चोथा पिळून बाजूला घ्या आणि तीन लिटर नव्या पाण्यात पुन्हा कुस्करा, कारण पहिल्या खेपेला बरंच पिष्ट चोथ्यातच अडकलेलं असतं. दोन्ही पाणी एकत्र करून मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळा. पंचाची वीण सैल असते, एकेरी पंचा चालत नाही.

आता ते पाणी अजिबात न हलवता चार ते सहा तास ठेवा. भांडं उभं आणि अरुंद असेल तर साका घट्ट बसतो, पसरट परातीत तो ओतताना निसटतो. वरचं पाणी भांडं कलंडवून काढण्यापेक्षा बारीक नळी लावून खेचलं तर साका हलत नाही. मग दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी घालून ढवळा, पुन्हा बसू द्या, पुन्हा वरचं काढा. तळाशी खाली पांढरा आणि वर करड्या-हिरव्या गाळाचा असे दोन थर दिसतात. शेवटच्या धुण्यानंतर तो वरचा गाळ चमच्याने अलगद सरकवून टाकून द्या.

वाळवताना साका स्टीलच्या ताटात पातळ पसरा. आधी सावलीत, पंख्याखाली. पाणी सुटायचं थांबलं की मग सकाळचं कोवळं ऊन. ओला साका कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर किंवा गॅसवर ठेवला तर साठ अंशांच्या पुढे पिष्ट फुगून खळीसारखं चिकटतं, मग त्याची काचेसारखी खपली होते आणि पाण्यात विरघळत नाही. नीट वाळलेलं सत्त्व बोटांत चिमटलं की मक्याच्या पिठासारखं करकरतं.

दोन किलोतून चांगल्या हंगामात तीस ते साठ ग्रॅम हाती येतं. एवढंच. म्हणूनच ते महाग असतं.

पाणवठा
मनापासून धन्यवाद. दोन शंका. धुणं किती वेळा? दुकानातल्यासारखं पांढरं होईपर्यंत धुवायचं का? आणि ते वरचं कडू पाणी ओतून टाकताना जीव तुटतो, त्याचं काही होतं का?

उखळमुसळ
वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, तीन-चार वेळा.

दशमूळ
इथे माझं मत वेगळं आहे. चार वेळा धुतलेलं सत्त्व दिसायला देखणं, पण त्यात औषध किती उरलं हा प्रश्न आहे. गुळवेलीतली कडू द्रव्यं बरीचशी पाण्यात उतरतात, दर धुण्याला त्यातली निघून जातात, आणि शेवटी ताटात राहतं ते जवळपास नुसतं पिष्ट. दोन धुणी पुरे. रंग मळकट पांढरा राहील, जिभेच्या मागच्या भागाला सौम्य कडवटपणा जाणवेल. तो राहायलाच हवा. पांढरेपणावरून सत्त्वाची परीक्षा करणं ही बाजाराने लावलेली सवय आहे, आणि त्या सवयीचा फायदा भेसळ करणारे घेतात. आरारूट, मक्याचं किंवा बटाट्याचं पिष्ट मिसळलं की सत्त्व आणखी पांढरं दिसतं. आयोडिनचा थेंब टाकून निळं झालं म्हणजे अस्सल, असं सांगितलं जातं त्यावर विसंबू नका. आयोडिन कोणत्याही पिष्टाला निळं करतं, मक्याच्याही.

पहिल्या निवळीचं, म्हणजे साका बसल्यावर वर राहिलेलं, कडू पाणी टाकू नका. त्याच दिवशी, आंबायच्या आत, रुंद तोंडाच्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर आटवा. सुरुवातीला उकळी चालेल, मधासारखं घट्ट झालं की आच अगदी बारीक करून सतत ढवळत राहा, कारण या टप्प्यावर ते तळाला करपतं आणि करपलेला घन (आटवलेला घट्ट अर्क) फेकण्याशिवाय इलाज नाही. चमच्यावरून पडताना तार तुटून गोळा पडायला लागला की उतरवा, ताटात पसरून वाळवा. संशमनी वटी ही आयुर्वेदिक गोळी गुळवेलीच्या घनापासूनच होते, फक्त तो रीतसर काढ्यापासून करतात. निवळीपासूनचा घन त्याहून सौम्य असतो.

सत्त्वाचा उपयोग परंपरेने पित्ताच्या तक्रारींत: हातापायांची आग, अम्लपित्त, तापानंतर राहिलेली कडकी. मोठ्या माणसाला अर्धा ते एक ग्रॅम, दूध-खडीसाखरेबरोबर किंवा तुपाबरोबर. ज्याला रेंगाळलेल्या तापासाठी किंवा सांध्यांसाठी गुळवेल हवी त्याला सत्त्वापेक्षा काढा बरा. आमवातात ती सुंठीबरोबर देतात, प्रमेहात (मधुमेहासारख्या लघवीच्या विकारांत) तिच्या रसाबरोबर मध देण्याचा प्रघात आहे.

काढ्यासाठी वीस ग्रॅम ओलं कांडं, ठेचून, सोळा पट म्हणजे 320 मिलिलिटर पाण्यात घालून मंद आचेवर झाकण न ठेवता पाव हिस्सा, 80 मिलिलिटर उरेपर्यंत उकळा. गाळून कोमट घ्यायचा. एका दिवसाचा एका दिवशीच करा, दुसऱ्या दिवशीपर्यंत तो आंबतो. पित्त प्रकृतीच्या माणसाला काढा उष्ण वाटत असेल तर हिम करा: तेवढंच कांडं ठेचून सहा पट, 120 मिलिलिटर पाण्यात रात्रभर, सकाळी कुस्करून गाळून. यात उकळणं नाही, म्हणून पाणी आधी उकळून गार केलेलं हवं.

एक बारकावा बरेच जण चुकतात. वाळलेल्या औषधाऐवजी ओलं घ्यायचं तर दुप्पट घ्या असा सर्वसाधारण नियम आहे. गुळवेल त्याला अपवाद. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराने गुळवेल, कुडा, अडुळसा, शतावरी, अश्वगंधा अशा काही वनस्पतींची यादीच दिली आहे, ज्या नेहमी ओल्या वापराव्यात आणि तरी मात्रा दुप्पट करू नये. दारात ताजी वेल असताना वाळलेली चूर्णं आणायची गरज नाही.

निदान
साठीच्या बाईंच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही आणि या सगळ्या चर्चेत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

गुळवेल रक्तातली साखर खाली आणते. साखरेच्या गोळ्या चालू असताना त्यावर रोज काढा सुरू केला तर साखर जास्त उतरू शकते: घाम सुटणं, हात थरथरणं, गरगरणं, एकदम गळून जाणं. साठीपुढच्या माणसात हे रात्री झालं तर लक्षातही येत नाही. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. सांगून सुरू केला तरी पहिले दोन आठवडे घरच्या यंत्रावर साखर जास्त वेळा मोजा आणि आकडे लिहून ठेवा. गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही.

दुसरं यकृत. करोनाच्या काळात घरोघरी महिनोन्‌महिने गुळवेल घेतली गेली. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख चुकली असण्याची शक्यता मांडली. गुळवेल समजून घेतली गेली असेल असं म्हटलं गेलं ती वर आलेली गाठींची क्रिस्पा. पुढे 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची माहिती मांडली. त्यांत मधुमेह आणि थायरॉइडचे रुग्ण बरेच होते, आणि अनेकांत इजेचं स्वरूप शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते त्या आजारासारखं होतं. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, तेव्हा ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच वाट चुकलेली आहे त्यांच्यात असं होणं समजण्यासारखं आहे.

म्हणून ज्यांना संधिवाताभ (रूमॅटॉइड), ल्युपस, प्रतिकारशक्तीमुळे झालेला थायरॉइडचा आजार, सोरायसिस असं काही आहे, ज्यांचं यकृत आधीच दुखावलेलं आहे, ज्यांचं अवयवरोपण झालं आहे, त्यांनी स्वतःहून घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद करून भूलतज्ज्ञांना सांगावं.

घेत असताना लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अन्नावरची वासना जाणं, अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करा. इथे एक घात होतो तो असा, की गुळवेल कावीळीवरचं औषध म्हणून ऐकलेली असते, त्यामुळे डोळे पिवळे झाल्यावर लोक ती बंद करण्याऐवजी वाढवतात.

दशमूळ
निदान यांच्याशी पूर्ण सहमत. यात एवढंच जोडतो: शास्त्रात गुळवेल रसायन, म्हणजे बळ देणारं औषध, आहे हे खरं, पण ठरावीक तक्रारीसाठी ठरावीक दिवस घ्यायचं औषध आणि वर्षभर चहासारखा प्यायचा काढा यात फरक आहे. तापानंतर सात ते चौदा दिवस, मग थांबून बघायचं. वैद्यांच्या देखरेखीशिवाय महिन्याच्या पुढे नेऊ नये.

बांधकरी
काढणीबद्दल राहिलं. दोन किलोसाठी अख्खी वेल ओढून काढू नका. जमिनीपासून एक-दीड फूट बुंधा ठेवून वरचं कांडं धारदार कोयत्याने तिरकं कापा. चेचून तुटलं तर बुंध्यात बुरशी शिरते. एका वर्षी एका वेलीच्या निम्म्याहून जास्त नको. वर झाडावर लटकत राहिलेला तुकडा मेला असं समजून काढायला जाऊ नका. तो तसाच हिरवा राहतो, मुळाचा दोरा खाली सोडतो आणि तो जमिनीला टेकला की पुन्हा सुरू होतो. छिन्नरुहा हे तिचं संस्कृत नाव यावरूनच पडलं आहे, कापलं तरी वाढणारी.

लागवड सोपी आहे. ज्येष्ठात, पहिला पाऊस झाला की, पेन्सिल ते करंगळीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे आणि निदान दोन डोळे असलेले तुकडे घ्या. कापल्यावर एक दिवस सावलीत सुकू द्या. एक डोळा मातीत, एक वर, आणि बुंध्याकडची बाजू खाली. बाजू उलटी झाली तर तुकडा फुटायला फार वेळ घेतो किंवा कुजतो. विसरायला होतं, म्हणून कापतानाच खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवा. पिशवीत माती-वाळू निम्मी निम्मी, पाणी साचू देऊ नका. गुळवेल मरते ती पाणी तुंबून, कोरडीने फारशी नाही. महिना-सव्वा महिन्यात फुटवे आले की कडुनिंबाच्या बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर लावा. कोवळ्या, लहान झाडावर चढवू नका, दोन-तीन वर्षांत वेल झाडाचा शेंडा झाकून टाकते.

नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. तुमच्या वेलीला हिवाळ्यात मण्यासारखी लालभडक फळं लागत असतील तर ती मादी. फळं असताना ती बाजू तोडू नका, बुलबुल ती खाऊन बी पसरवतात.

कातकरी, ठाकर मंडळी ही वेल पिढ्यानपिढ्या जंगलातून आणतात. शहापूर तालुक्यातल्या कातकऱ्यांनी वनधन केंद्रामार्फत (वनोपज गोळा करून विकणाऱ्या आदिवासी गटांची सरकारी योजना) तिचा मोठा व्यापार उभा केला आहे. विकत घ्यायचीच असेल तर अशा गटांकडून ओलं कांडं घ्या. चूर्ण घेतलं तर त्यात काय दळलं आहे हे कोणालाच सांगता येत नाही, कांड्याचं चाक मात्र तुम्ही स्वतः कापून बघू शकता.

पाणवठा
खोड बघून आलो. गाठी नाहीत, पापुद्रा निघतो, खाली हिरवं आहे, आडव्या कापात आरे स्पष्ट दिसतात. पानं खालून गुळगुळीत. बाईंचा काढा सुरू करत नाही, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारतो. सत्त्व माघात काढेन. आधीची आंबूस भुकटी धुऊन वापरता येईल का?

उखळमुसळ
नाही. झाडाच्या आळ्यात टाका. आणि माघात पहिल्यांदा अर्धा किलोच घ्या, दोन लिटर पाण्याला. धुणी दोन करून एक वाटी साका वेगळा वाळवा, उरलेला चार वेळा धुऊन दुसऱ्या ताटात. दोन्ही जिभेवर ठेवून बघा, दशमूळ म्हणतात तो कडवटपणा कुठे राहिला ते कळेल.